मृतांचा आकडा आणि आरोपीचे मन

रायगडावर निघालेला माणूस पाचाडला थांबतो, जिजाऊंच्या समाधीवर माथा टेकतो आणि गडाकडे पाहत हमखास विचारतो, टकमक टोक कुठले? सांगणारा दिशा दाखवतो आणि वर एक मतही देतो, की ती कडेलोटाची शिक्षा चालू ठेवायला हवी होती. एरवी हे बोलणे हसण्यावारी जाते. महाड-पोलादपूर पट्ट्यात मोठी दुर्घटना घडली की मात्र त्याला धार चढते, आणि शिकलेली माणसे तेच मत कायद्याच्या भाषेत मांडू लागतात : सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल करा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल दोन एसटी बसगाड्यांसह वाहून गेला, तेव्हा ही मागणी झाली. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे गेली, तेव्हा ती पुन्हा झाली आणि त्या वेळी मान्यही झाली. बिल्डर, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवर लागलेल्या कलमांत ३०४ होते.

या मागणीमागचा विचार आधी त्याच्या बाजूने मांडला पाहिजे, कारण तो पोरकट नाही. भारतीय दंड संहितेत सदोष मनुष्यवधाला, म्हणजे कलम ३०४ ला, दहा वर्षांपर्यंत आणि उद्देश सिद्ध झाल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. हयगयीने किंवा बेदरकारपणे मृत्यू घडवल्यास, म्हणजे ३०४-अ खाली, जास्तीत जास्त दोन वर्षे. पहिला खटला सत्र न्यायालयात चालतो आणि आरोपीला जामीन सहज मिळत नाही. दुसरा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो आणि जामीन हा आरोपीचा हक्कच असतो. आता पूर्वपक्ष विचारतो : एकाने रागाच्या भरात एकाच्या डोक्यात काठी घातली तर तो दहा वर्षे आत, आणि दुसऱ्याने नफ्यासाठी लोखंड कमी घालून १६ जणांना गाडले तर तो त्याच संध्याकाळी जामिनावर घरी, हा कुठला न्याय? मेलेल्याला मारणाऱ्याच्या मनाशी काय घेणे? मनाचा हा शोध म्हणजे इंग्रजांनी आणलेला वकिली कीस आहे आणि त्याचा फायदा पैसेवाल्यालाच होतो.

मला हा युक्तिवाद जवळजवळ प्रत्येक पायरीवर अमान्य आहे. त्यामागचा संताप मात्र मान्य आहे.

शेवटच्या पायरीपासून सुरुवात करू. मनाचा विचार गोऱ्या साहेबाने आणला, हे ज्यांना वाटते त्यांनी मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडावा. त्या ग्रंथाबद्दल महाडच्या सत्याग्रहींनी १९२७ च्या डिसेंबरात घेतलेली भूमिका जगजाहीर आहे आणि ती मलाही मान्य आहे. पण इथे प्रश्न आदराचा नसून पुराव्याचा आहे. तिथे गाडीमुळे माणूस किंवा जनावर मेल्यास दंड कोणाला, याची चर्चा आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, दोर तुटले, चालकाने ओरडून बाजूला व्हायला सांगितले होते, अशा दहा प्रसंगी दंड नाही. चालकाच्या अडाणीपणामुळे गाडी भरकटली तर दंड मालकाला, कारण असा चालक त्याने नेमला. चालक जाणता असूनही चुकला तर दंड चालकाला. आणि चालक अडाणी असूनही जे त्या गाडीत बसले, त्या प्रत्येकालाही दंड. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बैलगाडीच्या निमित्ताने केलेली ही वाटणी आज ठेकेदार, सल्लागार आणि मुख्याधिकारी यांच्यात जबाबदारी वाटणाऱ्या तपास अधिकाऱ्याने वाचावी अशी आहे. मृत्यू एकच, पण कोणाला काय माहीत होते आणि कोणी कोणती काळजी घ्यायला हवी होती, त्यावरून दंड बदलतो. प्रायश्चित्तांच्या प्रकरणांतही जाणून केलेले आणि नकळत घडलेले पाप वेगळे तोलले आहे.

राहिला रायगड. टकमक टोकाचा दाखला देणाऱ्यांना पाचाडलगतच्या हिरकणीवाडीचा विसर पडतो, ही मोठी गंमत आहे. हिरकणीची गोष्ट दंतकथाच आहे, समकालीन कागद तिच्यामागे नाही. पण दंतकथेत लोकांची न्यायबुद्धी दिसते. दरवाजे बंद झाल्यावर गड उतरायचा नाही हा हुकूम, आणि बाईने तो मोडला. कृतीच पाहायची तर अपराध शाबीत. गोष्ट तिला कड्यावरून लोटत नाही, तिच्या नावाचा बुरूज बांधते, कारण तान्ह्या लेकरासाठी ती उतरली. म्हणजे ज्या डोंगरावरून आपण 'मन पाहू नका' हा धडा घेऊन येतो, त्याच डोंगराने मन पाहिल्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. आणि ज्याचे कागद आहेत त्या रांझ्याच्या पाटलाच्या प्रकरणातही, २८ जानेवारी १६४६ च्या पत्रात, बदअंमल झाल्याचे कळले, चौकशी झाली, खरे ठरले आणि मग हातपाय तोडले, असा क्रम आहे. शिक्षेचा भयंकरपणा सगळ्यांना आठवतो, मधली चौकशी कोणाला आठवत नाही.

आता आकड्याकडे येऊ. माणसे जास्त मेली म्हणजे गुन्हा मोठा, हे गृहीतक महाड तालुक्यात तरी टिकू नये. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी त्याच दिवशी गाडली गेली. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांनी तेच भोगले. आकडाच गुन्हा ठरवत असेल तर या तालुक्यातला सर्वांत मोठा गुन्हा सह्याद्रीने केला. तिथे कोणी ३०४ मागितले नाही, आणि ते बरोबरच होते. मग तारिक गार्डनमध्ये ते का मागितले गेले? कारण तिथे एक बांधणारा हात दिसला. म्हणजे मागणी करणाऱ्यालाही मनोमन ठाऊक असते की मृत्यूला गुन्हा बनवणारी वस्तू मृत्यूच्या बाहेर आहे. ती मान्य केली की पुढचा प्रश्न टाळता येत नाही : त्या हातामागच्या मनात नेमके काय होते?

कायदा याची तीन उत्तरे शक्य मानतो. माणूस मरावा हा उद्देश. माणूस मरण्याचा संभव आहे याची जाणीव, आणि तरीही केलेली कृती. तिसरे, जाणीव नव्हती, पण थोडी काळजी घेतली असती तर झाली असती, ती हयगय. सदोष मनुष्यवध पहिल्या दोहोंतून होतो, तिसऱ्यातून होत नाही. १८६० च्या संहितेत हयगयीच्या मृत्यूचे कलम मुळात नव्हतेच. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात होते, ते वगळले गेले आणि १८७० साली ३०४-अ म्हणून पुन्हा आले. दहा वर्षे तिसऱ्या उत्तराला कायद्यात जागाच नव्हती. ज्याला आज 'पळवाट' म्हणतात ती श्रीमंतांच्या सोयीसाठी भिंतीला पाडलेले भोक नसून, आधी मोकळे सुटणारे लोक पकडण्यासाठी मागाहून बसवलेले दार आहे.

इथे पूर्वपक्ष भोपाळचे नाव घेतो, आणि घेतलेच पाहिजे. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीनंतर कंपनीच्या अधिकाऱ्यांवर ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली आरोप ठेवले गेले. १३ सप्टेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केशुब महिंद्र प्रकरणात ते रद्द करून ३०४-अ वर आणले. ७ जून २०१० ला भोपाळच्या न्यायालयाने दोषी ठरवले, शिक्षा दोन वर्षे. हजारो मृत्यू आणि दोन वर्षे! यानंतर मनाच्या सिद्धान्ताची बाजू घ्यायला तोंड कुठे राहते?

राहते, कारण त्या निकालाची पुढची कथा आपण वाचत नाही. १९९६ चा निकाल असे म्हणत नाही की कारखानदाराला जाणीव असूच शकत नाही. तो म्हणतो की समोर ठेवलेले साहित्य जसेच्या तसे खरे मानले तरी त्यातून संयंत्र सदोष होते एवढेच दिसते. त्या रात्री ते चालवणाऱ्यांना माणसे मरण्याचा संभव ठाऊक होता, हे त्यातून दिसत नाही. सरकार पक्षाने दोषांची यादी दिली आणि जाणिवेचा पुरावा दिला नाही. पुढे २०१० च्या संतापानंतर सीबीआयने हा निकाल फिरवा म्हणून याचिका केली. ११ मे २०११ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती फेटाळताना जे सांगितले ते प्रत्येक सरकारी वकिलाच्या टेबलावर असावे : १९९६ चा निकाल त्या वेळच्या साहित्यावर होता, खटल्यात पुढे पुरावा आला असता तर आरोप वाढवायला त्या निकालाची आडकाठी नव्हती. चौदा वर्षे खटला चालला आणि तेवढ्या काळात कोणी तो पुरावा पुढे करून तशी मागणी धसाला लावली नाही. भोपाळमध्ये कायद्याच्या सिद्धान्तापेक्षा तपासाचे अपयश मोठे होते. कलमाचा आकडा मोठा लिहिला आणि जाणिवेचे कागद जोडले नाहीत तर काय होते, त्याचे इतके महागडे उदाहरण दुसरे नाही.

उलट बाजूचे उदाहरण मुंबईत आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका मोटारीने पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडले, सात जण गेले. सत्र न्यायालयाने ३०४-अ खाली सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने ३०४ चा दुसरा भाग लावून तीन वर्षे दिली आणि १२ जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अ‍ॅलिस्टर परेरा प्रकरण ते हेच. तिथे जाणीव कशी सिद्ध झाली? मृतांच्या संख्येवरून नव्हे. रक्तातली दारू, गाडीतली बाटली, वेग, वाहनाचा सुटलेला ताबा, अशा एकेका गोष्टीवरून. मन दिसत नाही हे खरे, पण ते मागे खुणा सोडते आणि खुणांवरून न्यायालये मनापर्यंत पोचतात. या प्रकरणातला दुसरा मुद्दाही पाहा : मोठे कलम लागूनही शिक्षा तीन वर्षांचीच झाली. आज भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात साध्या हयगयीलाच पाच वर्षांपर्यंत कैद आहे. '३०४ म्हणजे न्याय आणि ३०४-अ म्हणजे सुटका' हे समीकरण तेव्हाही सैल होते, आता तर अगदीच झाले.

या मोजपट्टीने आपल्या दोन दुर्घटना पाहू. सावित्रीचा पूल ब्रिटिशांच्या काळातला, दगडी कमानींचा. लोक म्हणाले, एवढा जुना पूल पडणार हे शेंबड्या पोरालाही कळत होते. पण वय म्हणजे जाणीव नव्हे. त्याच वयाचे दगडी पूल कोकणात आजही उभे आहेत आणि त्यांवरून गाड्या जातात. सरकारने सांगितले की पावसाळ्यापूर्वी पुलाची पाहणी झाली होती आणि तो धोकादायक आढळला नव्हता. हे वाक्य ऐकून लोक चिडले, आणि चिडून त्यांनी ते सोडून दिले. खरे तर तपास तिथूनच सुरू व्हायला हवा. पाहणी कोणी केली? पाण्याखालचे पायांचे बांधकाम पाहिले की वरून गाडीतून पाहिले? महाबळेश्वरात किती पाऊस झाला आणि सावित्रीची पातळी किती चढली की जुना पूल बंद करायचा, याचा आकडा ठरला होता का? शेजारीच नवा पूल असल्याने वाहतूक वळवणे अशक्य नव्हते. मग त्या रात्री हा निर्णय घ्यायचा अधिकार कोणाकडे होता, आणि पाणी चढत असताना त्याला कोणी कळवले होते का? कळवले असेल आणि त्याने दुर्लक्ष केले असेल तर ती जाणीव, मग ३०४ खुशाल लावा. पाहणीचा कागद घरबसल्या भरला असेल तर ती गंभीर हयगय. आणि सगळे नियमाप्रमाणे झाले असूनही पुराने पाया खरवडून नेला असेल तर ती आपत्ती. बाहेरून तिन्ही ठिकाणी तेच दृश्य, तोच तुटलेला पूल. त्या रात्री पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराने पूल गेल्याचे पाहिले आणि धावत जाऊन पुढच्या गाड्या थांबवल्या. जाणीव झाली आणि माणूस हलला. अधिकाऱ्यांच्या बाबतीत शोधायचे ते हेच, की जाणीव होऊन कोणी हलले नाही का.

तारिक गार्डनचे तसे नाही. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. तिथे पुराकडे किंवा वयाकडे बोट दाखवायची सोय नाही. कॉंक्रीट आणि लोखंड यांनीच उत्तर द्यायचे. हयगय तर बहुधा ढिगाऱ्याकडे पाहूनच दिसते. जाणीव मात्र ढिगाऱ्यात पडलेली नसते. ती वहीत असते : आराखड्यात सळई किती जाडीची दाखवली आणि खरेदीच्या बिलात कितीची आली, सल्लागाराने जागेवर येऊन स्तंभांची भरणी पाहिली की दूर बसून सही केली, भोगवटा प्रमाणपत्र देणाऱ्याने कोणता अहवाल मागितला, रहिवाशांनी तडे दाखवले होते का आणि त्यावर बिल्डरने काय केले. सल्लागाराने 'या स्तंभांवर पाच मजले पेलणार नाहीत' असे लेखी कळवूनही मजले चढले असतील तर मी स्वतः ३०४ च्या बाजूने उभा राहीन. असा कागद नसेल तर १६ मृत्यू तो कागद तयार करू शकत नाहीत.

आणि इथेच मोठ्या कलमाचा तोटा सुरू होतो. पोलीस ३०४ का लावतात, हे कोर्टाच्या आवारात वावरणारा कोणीही सांगेल : अटक टिकावी म्हणून. कलमाची निवड आरोपीच्या मनावरून होत नाही, बाहेरच्या जमावाच्या मनावरून होते. आरोपी काही दिवस किंवा महिने आत राहतो, लोकांना न्याय झाल्यासारखे वाटते, वर्तमानपत्रे पुढच्या विषयाकडे वळतात. ज्या पहिल्या पंधरवड्यात फायली सील करायच्या, कॉंक्रीटचे नमुने घ्यायचे, गवंडी आणि सेंट्रिंगवाल्यांचे जबाब नोंदवायचे, तो पंधरवडा जामिनाच्या अर्जांना विरोध करण्यात जातो. बचावासाठी ढिगारा उपसावा लागतो, तो जेसीबीने उपसला जातो, त्यात पडलेला स्तंभ कुठल्या मजल्याचा हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. यथावकाश प्रकरण माणगावच्या सत्र न्यायालयात जाते, आणि आरोपीचा वकील एकच प्रश्न विचारतो : माझ्या अशिलाला हे माहीत होते, असे सांगणारा कागद दाखवा.

यावर पूर्वपक्षाचे एक हुशार उत्तर आहे. मोठा आरोप ठेवून तो सिद्ध झाला नाही तरी न्यायालय लहान गुन्ह्याखाली शिक्षा देऊ शकते. मग मोठे कलम लावण्यात बिघडले काय? कायद्याने हे खरे आहे. पण लहान गुन्हाही आपोआप सिद्ध होत नाही. मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्यात १९६२ साली आग लागून सात कामगार होरपळून मेले. परवाना नसताना त्याच खोलीत बर्नरवर ओला रंग तयार करायला व्यवस्थापकाने मुभा दिली होती, हे सिद्ध झाले. तरी कुर्बान हुसेन रंगवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला ३०४-अ मधून सोडले, कारण आग लागली ती एका कामगाराने टर्पेंटाइन वेळेआधी ओतल्यामुळे, आणि मृत्यूचे निकटचे कारण ते ठरले. व्यवस्थापकाच्या वाट्याला उरले आगीबाबतच्या हयगयीचे किरकोळ कलम. ही 'निकटच्या कारणा'ची कसोटी मुंबई उच्च न्यायालयात सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी १९०२ साली घालून दिली होती. मला ती कारखान्यांच्या बाबतीत अपुरी वाटते. जिथे धोका हीच रोजची परिस्थिती आहे तिथे ठिणगी पाडणारा शेवटचा हात नेहमी गरिबाचाच असणार. पुढे १९६८ मध्ये फटाक्यांच्या कारखान्यातल्या स्फोटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक मिश्रणे हाताळायला लावणाऱ्या मालकांना जबाबदार धरून ती कसोटी काहीशी रुंदावली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत ३ नोव्हेंबर २०२३ रोजी औषध कारखान्यात झालेल्या स्फोटात आणि आगीत कामगार गेले. अशा प्रकरणांत खरा कायदेशीर झगडा या दोन निकालांच्या मधल्या जागेत आहे. कलम ३०४ च्या घोषणा देऊन तो लढता येत नाही.

एवढे बोलल्यावर दुसऱ्या गटाला वाटेल की मी त्यांच्या बाजूचा. हा गट दुर्घटनेनंतर 'नैसर्गिक आपत्ती' म्हणतो, किंवा हात वर करून 'आम्हाला कल्पना नव्हती' म्हणतो. मनाचा सिद्धान्त त्याला आसरा देत नाही. कल्पना नसणे हाच कधीकधी गुन्हा असतो : ज्याचे कामच पाहण्याचे आहे त्याने न पाहणे यालाच हयगय म्हणतात. सद्भावनेचा बचाव घ्यायचा तर कायदा योग्य काळजी आणि लक्ष यांची अट घालतो. नुसते 'वाटले' पुरत नाही. महाडला हे जुने आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतलेल्या माणसांवर हल्ला झाला तो 'आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार' या अफवेवर. मारणाऱ्यांपैकी कित्येकांना ती खरी वाटलीही असेल. पण ज्या समजुतीची खातरजमा कोणी केली नाही आणि जिच्या जोरावर काठ्या उचलल्या, ती समजूत ढाल होत नाही. पुलाची पाहणी न करता 'पूल ठीक आहे' असे वाटणाऱ्यालाही हाच न्याय.

आणखी एक आक्षेप वरच्या दर्जाचा आहे, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. कायदेपंडित म्हणतात, मन शोधायचेच कशाला. काही गुन्हे मनाशिवायही गुन्हे असतात, आणि ते दाखला देतात महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज या प्रकरणाचा. झुरिकहून मनिलाला निघालेला हा गृहस्थ २८ नोव्हेंबर १९६२ रोजी मुंबईच्या विमानतळावर ३४ किलो सोन्यासह सापडला. सोने वाटेत उतरवायचे नसले तरी जाहीर करण्याचा नियम काही दिवसांपूर्वीच राजपत्रात आला होता आणि त्याला तो माहीत नव्हता. उच्च न्यायालयाने सोडले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी धरले, न्यायमूर्ती सुब्बा राव यांचा विरोध असताना. दाखला खरा, पण त्याची शेपटी पाहा : बहुमतानेही शिक्षा भोगून झालेल्या कैदेपुरतीच ठेवली. मन काढून टाकून दोषी ठरवणाऱ्या न्यायालयालाही शिक्षेच्या वेळी मन आठवलेच. असे निर्मनस्क गुन्हे असावेत, आणि इमारत-पुलांच्या बाबतीत तर वाढावेत. पाहणी न करता अहवाल भरणे, मंजुरीपेक्षा मजले चढवणे, चाचणीविना भोगवटा देणे, हे माणूस मरो न मरो, स्वतंत्र दंडनीय हवेत, परवाना जाईल इतके कडक हवेत. ते लावायला कोणाच्या मरणाची वाट पाहावी लागत नाही. पण त्यातून माणूस मारल्याचा कलंक कपाळी मारायचा असेल तर मन पाहिलेच पाहिजे.

एक ठिकाण मात्र असे आहे जिथे पूर्वपक्ष अजाणता बरोबर निघतो. त्याला जाणवते की जबाबदारी एका शाखा अभियंत्याच्या गळ्यात बांधून वरचे सगळे मोकळे होतात. एकाला अहवाल माहीत, दुसऱ्याला पाण्याची पातळी, तिसऱ्याच्या हातात निर्णय, आणि तिघांचे माहीत असणे एका डोक्यात कधीच एकत्र येत नाही. व्यक्तीच्या मनावर उभारलेला कायदा इथे अडखळतो. कंपन्यांच्या बाबतीत आपल्या न्यायालयांनी वाट काढली आहे : पुण्यात खडकीच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे सुरू झालेल्या इरिडियम विरुद्ध मोटोरोला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मान्य केले की कंपनीलाही गुन्हेगारी मन असू शकते, तिचा कारभार चालवणाऱ्यांचे मन ते तिचे मन. हा विचार बांधकाम कंपन्यांना उद्या लावता येईल. सरकारी खात्याला तो लावायची तयारी अजून कोणी दाखवलेली नाही, आणि 'सदोष मनुष्यवध' अशी घोषणा देणाऱ्या मोर्चातही ही मागणी ऐकू येत नाही.

आंबेनळी घाटाचे उदाहरण देऊन थांबतो. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस पोलादपूरच्या पुढे दरीत गेली आणि एकच जण वाचला. त्यानंतर कितीतरी महिने चर्चा चालली ती गाडी कोणाच्या हातात होती, या एकाच प्रश्नाची. नातेवाइकांचे दुःख पाहता ती समजण्यासारखी होती. पण त्या वळणावर कठडा कसा होता, पावसात रस्त्याच्या कडेला माती किती होती, धोक्याच्या जागांची यादी त्या रस्त्याची देखभाल करणाऱ्यांकडे होती का आणि त्या यादीचे काय झाले, हे प्रश्न त्या मानाने कोणी विचारले नाहीत. चालकाचे मन त्याच्याबरोबर दरीत गेले. यादी असेल तर ती अजून कुठल्यातरी कपाटात आहे, आणि माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज करून ती मागता येते.